भानुमती मॅडमचं कवडी बेट

भानुमती लघाटे या माझ्या नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. हा शब्द आता महाराष्ट्रात फारसा ऐकू येत नाही म्हणे. आमच्या झाशीच्या घरात तो टिकला, कारण इथे मराठी बोलणारी माणसं मोजकी आणि त्यांना नवे शब्द शिकवायला कोणी आलं नाही. लघाट्यांचे पूर्वज पेशवाईत कारकुनीसाठी दोन-चार वर्षांकरता इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं, असं माझे यजमान मधुसूदन सांगतात. आता घरात दूधवाल्याशी हिंदी, मोलकरणीशी बुंदेली आणि आपसांत मराठी असा कारभार आहे. मी ग्वाल्हेरची, त्यामुळे मला हे सगळं सवयीचंच होतं.

वन्संनी बत्तीस वर्षं एका मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे इकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. सिविल लाइन्समधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्या, त्यांचे नकाशे आणि एक पृथ्वीचा गोल, ज्यातला ऑस्ट्रेलिया वाळवीने खाल्लेला. समुद्राबद्दल त्या इतकं सुंदर शिकवत, की मुलींना पंख्याचा वारासुद्धा खारा लागायचा. आणि समुद्र त्यांनी कधीही पाहिलेला नव्हता. त्यांचे वडील यज्ञेश्वर लघाटे पोस्टात होते. सुटी मिळाली की प्रयाग. गंगा पाहिली की पाणी पाहून झालं, असं त्यांचं मत होतं.

नोकरीला सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. नववीच्या वर्गात द्वीप हा धडा चालला होता. तपासणीला आलेले एक साहेब मागच्या बाकावर वही घेऊन बसले होते. समथरची एक मुलगी होती, स्नेहलता नावाची. मामाकडे राहून शिकत होती आणि तिला फार प्रश्न पडत. तिने उभं राहून विचारलं, "मैडम जी, आपने सच्ची में टापू देखा है?"

वन्सं नाही म्हणणार होत्या. पण साहेबांनी पेन उघडलं. वन्संच्या तोंडून निघून गेलं, "हाँ, देखा है."

पुढचा प्रश्न अर्थातच नावाचा आला. स्नेहलताच्या वेणीच्या गोंड्याला दोन कवड्या बांधलेल्या होत्या. वन्सं म्हणाल्या, कौड़ी टापू, कोकणच्या किनाऱ्यापासून होडीने तीन तासांवर, तिथे माणूस राहत नाही. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की अध्यापिकेला विषयाचा प्रत्यक्ष अनुभव आहे.

खोटं एकदाच बोलून थांबता आलं असतं. पण तो वर्ग पुढच्या वर्गाला सांगून गेला, आणि दर वर्षी जुलैत नव्या मुली कवडी बेटाची वाट बघत बसायच्या. पहिल्या वर्षी तिथे नुसता खडक आणि पक्षी होते. मग गोड्या पाण्याचा झरा आला. नववी ब चा तास जेवणाच्या सुटीनंतर असायचा आणि मुली पेंगायच्या, म्हणून फुटलेलं जहाज आलं. एका वर्षी हरणं आली, पण ती फार झाली असं वाटून वन्संनी पुढच्या वर्षी काढून टाकली. सहामाहीच्या पेपरात एका मुलीने लक्षद्वीपच्या खाली कवडी बेटाचं नाव लिहिलं. वन्संनी तिला पूर्ण गुण दिले. काटणार कशा, त्यांनीच शिकवलं होतं.

पक्षी मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच राहिले. कुररी. घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालते, जवळ गेलात तर डोक्यावर झेप घेते. आणि भर दुपारी जमीन तापली की पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते, अंडी गार राहावीत म्हणून. हे सांगताना वन्संचा आवाज खाली यायचा आणि वर्गात पंख्याची कुरकुर ऐकू यायची.

त्या निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांनी, एका एप्रिलच्या सकाळी, आमच्या दारात एक उन्हाने रापलेली मुलगी उभी राहिली. अनुश्री घोरपडे. तिचे वडील सुभेदार उत्तम घोरपडे मूळचे सांगलीकडचे, नोकरीनिमित्त झाशीजवळ बबीन्याच्या लष्करी छावणीत आले आणि निवृत्तीनंतर तिथेच दुकान घालून राहिले. अनुश्री वन्संच्या वर्गात नववीला होती. वर्गातली एकटीच मराठी मुलगी, म्हणून वन्सं तिच्याशी व्हरांड्यात मराठीत बोलायच्या आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. आता तिचं मराठी सुधारलं होतं, पण कोकणात राहून त्याला भलताच हेल लागला होता.

पोह्यांची दुसरी बशी संपवताना तिने सांगितलं की ती समुद्रातल्या ओसाड बेटांवरच्या पक्ष्यांचा अभ्यास करते. किनाऱ्यापासून आत जे छोटे खडक आहेत, तिथे कुररी अंडी घालायला येतात. त्यांना मराठीत सुरय म्हणतात. ती त्या मोजते. वडिलांना तिने बँकेची परीक्षा द्यायला हवी होती, दीड वर्ष बापलेकीत बोलणं नव्हतं. आणि हे सगळं मॅडमच्या कवडी बेटामुळे.

वन्संच्या हातातला कप बशीवर न ठेवता तसाच हवेत राहिला.

अनुश्रीने पिशवीतून नकाशा काढून टीपॉयवर पसरला. झरा, जहाज वगैरे तिला कुठेच सापडलं नव्हतं, पण मॅडम लहानपणी गेल्या असतील, आठवणीत सरमिसळ झाली असेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं. तिची अडचण वेगळी होती. ती तीन वर्षं बघत होती, आणि तिच्या खडकांवरच्या सुरय पोट भिजवताना तिला एकदाही दिसल्या नव्हत्या. तिच्या त्या काळ्या पाठीच्या सुरय कपारीत, सावलीत अंडी घालतात, त्यांना गरजच पडत नसावी. मग मॅडमनी पाहिलं ते कुठलं बेट? ही नोंद प्रबंधात यायलाच हवी. तिने ती लिहूनही ठेवली होती, "भा. लघाटे यांचे प्रत्यक्ष निरीक्षण", आणि पुढे ठिकाण आणि साल यांच्यासाठी जागा मोकळी सोडली होती.

"बस, जगह का नाम और साल बता दीजिए, मॅडम."

वन्सं म्हणाल्या की नकाशा नीट दिसत नाही, चष्मा सापडत नाहीये. चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी समोरच बसले होते.

अनुश्री म्हणाली, मग मेच्या शेवटी कोकणात या. पावसाळ्यासाठी समुद्र बंद होण्याआधी मी तुम्हाला त्यातल्या त्यात जुळणाऱ्या बेटावर नेते, पाहिल्यावर आठवेल. मला वाटलं वन्सं आता काहीतरी कारण काढतील. त्या म्हणाल्या, येते.

ती गेल्यावर मी मटार सोलायला बसले, तेव्हा वन्सं समोर येऊन बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. मला हसू आवरेना. मटार सगळीकडे सांडले. त्या हसल्या नाहीत.

"एक मुलगी अख्खं आयुष्य घेऊन त्या बेटावर गेली, मृदुला. आणि ते बेट नाहीच."

मी विचारलं, मग तिला आत्ताच का नाही सांगितलंत? त्या थोडा वेळ शेंगांशी खेळत राहिल्या. सांगणारच होते म्हणाल्या, पण तेवढ्यात कोणीतरी समुद्र दाखवतो म्हणालं. मग म्हणाल्या, तू चल बरोबर, एकटीने खरं बोलायला मला जमणार नाही.

तर आम्ही दोघी गेलो. झाशीहून कोकणात थेट गाडी जाते. दीड दिवसाच्या प्रवासात वन्सं खिडकीतून प्रत्येक नदीचं नाव सांगत होत्या आणि समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने तिसऱ्या नदीनंतर डोळे मिटून घेतले. कुडाळला अनुश्री घ्यायला आली होती. रिक्षा एका वळणावरून उतरली आणि समोर समुद्र आला. वन्संनी रिक्षा थांबवायला सांगितली. उतरून बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढं पाणी," त्या म्हणाल्या, "आणि एकही घाट नाही."

मग वाळूतून चालत गेल्या, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "खारट आहे. चला, तेवढं तरी खरं शिकवलं."

दुसऱ्या दिवशी पहाट संपता संपता बापूराव नावाच्या मच्छीमाराच्या होडीतून निघालो. बापूरावांनी आम्हा दोघींकडे बघून अनुश्रीला विचारलं की या बायकांना उडी मारता येते का. आम्हाला तो विनोद वाटला.

दीड तासाने खडक दिसायला लागले. लांबून वाटलं, कोणीतरी समुद्रात चुन्याची पोती रचून ठेवली आहेत. जवळ गेल्यावर आधी वास आला, मासळीचा आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा एकत्र, इतका दाट की मी पदर नाकाला लावला. वन्संनी मात्र छाती भरून घेतला. खडकावर पट्टे होते, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. खाली लाटेजवळ काळा शेवाळी, त्याच्या वर कालवांचा खरखरीत, त्याच्या वर कोरडा तपकिरी दगड, आणि माथा विष्ठेने पांढरा. कुठे किती पाणी चढतं ते त्या पट्ट्यांवरून कळतं, असं वन्सं मला समजावत होत्या. हा खडक मुळात किनाऱ्याच्याच डोंगराचा तुकडा असणार, मधली मऊ जमीन समुद्राने खाल्ली आणि टणक तेवढं उरलं. अनुश्री मान हलवत होती. वन्सं शिकवायला लागल्या की आपण कशाला आलोय ते त्यांना आठवत नाही.

पुळण नव्हतीच. जे काही झिजतं ते लाट घेऊन जाते, वाळू थांबणार कुठे? होडी बांधायलाही जागा नव्हती. फुगवटा आला की होडी खडकाच्या कडेशी वर चढायची आणि लगेच पुरुषभर खाली जायची. वर असेल तेव्हा उडी मारायची. बापूरावांचा प्रश्न विनोद नव्हता. अनुश्री अजून समजावतच होती, तेवढ्यात वन्संनी बासष्टाव्या वर्षी, सलवारीचे पाय खोचून, उडी मारलीसुद्धा. मला बापूरावांनी दंडाला धरून पोहोचवलं. उडी मारली असं मी म्हणणार नाही.

वर झाड नव्हतं, सावली नव्हती. फटींमधून गवताचे चार झुबके आणि जमिनीला चिकटून पसरलेला एक मांसल पानांचा वेल. खळग्यांत समुद्राचं उडालेलं पाणी सुकून मीठ जमलं होतं. उंदीर नाही, साप नाही, मांजर नाही, कुत्रं नाही. म्हणूनच पक्षी इथे येतात, अनुश्री म्हणाली. एकदा जरी एखाद्या होडीतून उंदरांची जोडी उतरली तरी सगळं संपेल. एका घळीत तिने आम्हाला वाकून बघायला सांगितलं. आत अंधुक उजेडात शेकडो पाकोळ्या टिकटिक आवाज करत फिरत होत्या आणि भिंतीला त्यांची लाळेने चिकटवलेली घरटी होती, वाटीच्या तुकड्यांसारखी.

मग सुरय. प्रत्येक कपारीत एक, काळपट पाठ, पांढरं पोट, कपाळावर पांढरी रेघ. एकेका अंड्यावर बसलेल्या. आमच्या डोक्यावर बाकीच्यांनी नुसता गोंधळ मांडला होता. एकीने माझ्या केसांना चोच लावली.

अनुश्रीने वही उघडली आणि वन्संकडे बघितलं. "हेच आहे का, मॅडम? थोडंसं तरी?"

वन्सं एका दगडावर बसल्या. मला वाटलं माझ्याकडे बघतील, पण बघितलं नाही.

"अनुश्री, मी काल पहिल्यांदा समुद्र पाहिला," त्या म्हणाल्या. "कवडी बेट नाही. कधीच नव्हतं. वर्गात तपासणी होती आणि मी खोटं बोलले, आणि मग पंचवीस वर्षं बोलत राहिले."

अनुश्रीने वही मिटली, परत उघडली, आणि उठून कपारी मोजायला लागली. खडकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तास गेला असेल. बापूराव लांब होडीत झोपले होते. मी आणि वन्सं दगडावर, आणि आमच्यापासून वीतभर अंतरावर एक सुरय अंड्यावर बसून आमच्याकडे एका डोळ्याने बघत होती.

परत आली तेव्हा अनुश्रीचे डोळे लाल होते. उन्हाने असतील. ती म्हणाली, "मी बाबांना सांगितलं होतं, माझ्या मॅडमनी बघितलंय. दीड वर्ष मी एवढंच सांगत होते."

"हो," वन्सं म्हणाल्या. "इतक्या मुलींनी ऐकलं. कोणी शोधायला निघेल असं मला वाटलं नव्हतं. तो माझा अंदाज चुकला, आणि त्याची शिक्षा तुला झाली."

अनुश्री खाली बसली. तिने विचारलं, "मग पोट भिजवायचं कुठून आणलंत? हे पुस्तकात नव्हतं. तेव्हाच्या आपल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं."

आणि आता जे निघालं ते मलाही माहीत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी वन्संना बेतवेच्या काठच्या एका गावात निवडणुकीची ड्यूटी लागली होती. उन्हाळ्यात नदी आटते आणि मध्ये खडकांचे, वाळूचे उंचवटे वर येतात. केवटाची नाव तशा एका उंचवट्याला अडकली आणि दोन तास त्या तिथेच बसल्या. नदीच्या सुरय तिथे उघड्या वाळूत अंडी घालतात. सगळं त्यांनी तिथे पाहिलं. त्याच उन्हाळ्यापासून पुढे दर उन्हाळ्यात, महिन्यातून तीन-चारदा, त्या छत्री घेऊन तिथे जाऊन बसायच्या.

मी म्हटलं, "वन्सं, उन्हाळ्यात तुम्ही देवीला जायचात."

"घरी काय सांगणार होते? बिनलग्नाची बाई नदीत वाळूवर बसून पक्षी बघते म्हणून? देवीला जाते म्हटलं की आई डबा भरून द्यायची."

"आणि प्रसाद?"

"बत्तासे बसस्टँडवर मिळतात, मृदुला."

तीस वर्षं मी ते बत्तासे आधी डोळ्यांना लावून मग खाल्ले होते. माझा चेहरा बघून अनुश्रीला हसू फुटलं. ते तिला नको होतं, तिने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मग वन्संनाही आवरेना. त्या हसण्याने वीतभर अंतरावरची सुरय उठली, दोन पावलं चालली, आणि आमची काही खैर नाही असा आवाज करून परत बसली.

याचा अर्थ सगळं मिटलं असा नाही. येताना फुगवटा वाढला आणि वन्संनी सकाळपासूनचं सगळं समुद्राला परत केलं. अनुश्रीने त्यांची पाठ चोळली, पण पुढचे दोन दिवस ती आमच्याशी कामापुरतं बोलत होती. चहा हवा का, रिक्षा आली. प्रबंधातली ती ओळ तिने आमच्यासमोर खोडली. स्टेशनवर गाडी हलायच्या आधी मात्र खिडकीशी येऊन म्हणाली, "एप्रिलमध्ये घरी येणार आहे. बेतवा दाखवा. या वेळी मी स्वतः बघितल्याशिवाय लिहिणार नाही."

झाशीला आल्यावर वन्संनी एक काम केलं. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींचा व्हॉट्सअॅपवर गट आहे, दोनशेच्या वर बाया. त्यावर त्यांनी तीन ओळींत हिंदीत कबुली दिली. बऱ्याच जणींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, त्याचा अर्थ काय कोण जाणे. संध्याकाळी स्नेहलताचा फोन आला. ती आता समथरला प्राथमिक शाळेत शिकवते. मैडम जी, आप भूल रही हैं, टापू है, असं ती दहा मिनिटं वन्संना पटवत होती. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, की बारा वर्षं मी माझ्या वर्गाला कवडी बेट शिकवतेय, आता मी काय करू?

"जो मैंने किया," वन्सं म्हणाल्या. "खड़ी होकर बता दो. थोड़ा बुरा लगेगा, फिर नहीं लगेगा."

अनुश्री एप्रिलमध्ये आली. आम्ही तिघी बेतवेवर गेलो. साडेबाराच्या सुमाराला वाळू इतकी तापली की मी पाय वर घेऊन बसले. तेवढ्यात पिवळ्या चोचीची एक सुरय उठली, पाण्यावरून खाली गेली, पोट टेकवलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि थेंब गळत परत येऊन अंड्यांवर बसली. अनुश्रीने दुर्बीण खाली घेतली नाही. तशीच बघत म्हणाली, "साल काय लिहू, मॅडम?" वन्संनी त्यांच्या पहिल्या वर्षाचं साल सांगितलं. त्यांच्या जुन्या डायरीत ते तारखेसकट होतं, देवीदर्शन या शब्दाखाली.

तेव्हापासून वन्सं मोजणी करतात. अनुश्रीने तक्ता पाठवला आहे. उंचवटा, घरटी, अंडी, पिल्लं, आणि एक रकाना धोक्यांचा. यंदा पाणी लवकर उतरलं आणि काठ आणि उंचवटा यांच्यामधली धार घोट्याएवढी राहिली. समुद्रातल्या खडकाला ती भीती नाही, इथे कुत्री नुसती चालत येतात. मेच्या पहिल्या आठवड्यात शेळ्यांचा एक कळप आला. मागे चंपा नावाची म्हातारी होती, हातात काठी, डोक्याला टॉवेल. तिने आम्हाला बघून काय मोजताय म्हणून विचारलं, "का गिन रईं, बाई?"

वन्संनी तिला जवळ बोलावून वाळूतली अंडी दाखवली. ती इतकी वाळूच्या रंगाची आहेत की चंपाला दिसायला वेळ लागला. दिसली तेव्हा तिने आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग शेळ्यांकडे, आणि तोंडाने एक चमत्कारिक आवाज काढून सगळा कळप वळवून नदीच्या पलीकडच्या अंगाला नेला.

दोन दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा ती काठावर आमची वाट बघत होती. खालच्या अंगाला, मोठ्या खडकामागे आणखी दोन आहेत म्हणाली, आणि आज सकाळपासून एक कुत्रा तिथे घोटाळतोय. वन्संनी तक्ता कमरेला खोचला आणि तिच्यामागे पाण्यात शिरल्या. दोघी बुंदेलीत जोरजोरात काहीतरी बोलत निघाल्या होत्या. मी चपला हातात घेतल्या.